कर्तव्यापलीकडची परिचर्या

नेमून दिलेल्या कामाबाहेरचे, कोणी न सांगता आणि मोबदला न मोजता परिचारिकेने केलेले काम. व्यवस्थापनशास्त्रात अशा वागण्याला ‘संघटनात्मक नागरिकत्व वर्तन’ असे जड नाव आहे. अमेरिकी अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८० च्या दशकात ते रूढ केले. वॉर्डात मात्र ते साधेच दिसते : ड्यूटी संपल्यावरही घाबरलेल्या रुग्णापाशी थांबणे, नव्या सिस्टरला शीर शोधायला शिकवणे, सहकारिणीचे मूल तापाने फणफणले असेल तर तिची नाइट आपल्या अंगावर घेणे.

यामागे ‘अंगचा सेवाभाव’ असतो, हे लोकप्रिय उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ड्यूट्या लावताना वशिला चालतो का, नातेवाईक अंगावर धावून आले तर वरिष्ठ पाठीशी उभे राहतात का, यावरही बरेच ठरते. समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाउ यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सामाजिक विनिमयाच्या सिद्धान्ताशी हे जुळते : चांगल्या वागणुकीची फेड माणूस चांगल्या वागणुकीने करतो.

मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण मात्र या हिशेबात पुरते बसत नाही. तेथील परिचारिका अरुणा शानभाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर अचेतनप्राय अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत सहकारिणींनी त्यांची शुश्रूषा केली. भरवणे, कूस बदलणे हे नोकरीचेच काम म्हणता येईल. पण १९८० च्या दशकात महापालिकेने त्यांना अन्यत्र हलवायचे ठरवले, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि बेत बारगळला. हे कोणत्याच नियमावलीत नव्हते. शेवटच्या काळात सेवा करणाऱ्या अनेकींनी त्यांना बोलता-चालताना कधी पाहिलेही नव्हते. येथे परतफेड कोणाची? ‘आपल्यातली एक’ ही भावना वॉर्डात एका पिढीने दुसरीच्या हाती दिली, एवढेच म्हणता येते. शानभाग यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची प्रशंसा केली आणि शानभाग यांच्या वतीने निर्णय घेण्याच्या दृष्टीने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच निकटचे मानले.

जादा काम स्वेच्छेचे राहिले नाही, तर मात्र ते या व्याख्येतून बाहेर पडते. पदे रिकामी ठेवून ‘सिस्टर, आजच्या दिवस सांभाळून घ्या’ असे रोज म्हटले जाते, तेव्हा नकार देणारी कामचुकार ठरते. अशा दडपणाखालील कामाला इस्रायली अभ्यासक एरन विगोडा-गदोत यांनी ‘सक्तीचे नागरिकत्व’ म्हटले आहे.