एमसीपी सर्व्हर म्हणजे 'एआयसाठीचा एपीआय' नव्हे

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखती घेताना एकच उत्तर सतत कानावर येतं: "एमसीपी म्हणजे एआयसाठीचा एपीआय." मला ते खटकतं, कारण पुढची चुकीची रचना तिथूनच सुरू होते.

एपीआय तुम्हाला ठाऊक आहे: एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती किंवा काम मागण्याची ठरलेली पद्धत. एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) हा अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला प्रोटोकॉल, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची माहिती आणि टूल्स (मॉडेलने वापरायची साधनं) जोडण्याचे ठरलेले नियम. निरोप जेसन-आरपीसी २.० या ठरलेल्या स्वरूपात जातात. त्याचा सर्व्हर आतून बहुतेकदा तुमच्या जुन्या एपीआयलाच कॉल करतो, त्यामुळे एपीआय कुठेही जात नाही. आणि 'सर्व्हर' म्हटलं की डेटा सेंटर डोळ्यांपुढे आणू नका. लॅपटॉपवर चालणारा छोटा प्रोग्रॅमही एमसीपी सर्व्हर असतो.

खरी गल्लत पुढे आहे. एपीआयचं डॉक्युमेंटेशन प्रोग्रॅमर वाचतो, कोड लिहिण्याआधी. अडलं तर विचारतो, तपासून बघतो, मग कॉल कोडमध्ये पक्का बसतो. एमसीपीत क्लायंट, म्हणजे एआय अ‍ॅपमधला सर्व्हरशी बोलणारा भाग, 'टूल्स/लिस्ट' (टूल्सची यादी) मागतो. सर्व्हर प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात द्यायची ते) देतो. ते वाचतं मॉडेल, ऐन कामाच्या वेळी, आणि कोणतं टूल वापरायचं ते तिथल्या तिथे ठरवतं. (प्रत्यक्ष 'टूल्स/कॉल' मात्र क्लायंटच पाठवतो.) म्हणून वर्णनाचं वाक्य मी कोडइतकंच काटेकोर तपासतो.

समजा, तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या कांद्याचा भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभाव पोर्टलवरून देणारं टूल आहे. तिथे भाव क्विंटलमागे असतो. प्रोग्रॅमर हे एकदा पाहतो, शंभराने भागतो, विषय संपला. टूलच्या वर्णनात नुसतं 'भाव देते' असेल, तर मॉडेलच्या हाती '२०००' एवढंच पडतं आणि ते किलोचा भाव म्हणून सांगून मोकळं होऊ शकतं. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. 'घाऊक भाव, रुपये प्रति क्विंटल. तारीख न दिल्यास शेवटच्या उपलब्ध दिवसाचा' एवढं लिहायला किती वेळ लागतो?

एपीआयचे साठ एंडपॉइंट (कॉल करायचे वेगवेगळे पत्ते) उचलून साठ टूल्स करणं तर मला अजिबात चालत नाही. साठ वर्णनं कॉन्टेक्स्टमधली, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरातली, जागा खातात आणि सारख्या नावांत मॉडेल चुकतं. 'आजचा भाव', 'दोन बाजारांची तुलना', अशी माणसाच्या प्रश्नांना धरून केलेली सहा-सात पुरेत.

रोज रात्री भाव उतरवून घेणारा ठरलेला जॉब असेल, तर त्यात निवड करायला मॉडेलच नाही. तिथे सरळ एपीआय वापरा.