एलईडी इंडिकेटर भराभर लुकलुकतात तेव्हा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवे एलईडी इंडिकेटर बसवून बटण दाबले की पुष्कळ गाड्यांवर एकच प्रकार दिसतो. दिवे लागतात, पण नेहमीच्या लयीच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. मग माल खराब निघाला असे वाटून ग्राहक दिवे परत घेऊन येतात. बहुतेक वेळा दिवे उत्तम असतात. बिघाड झालाय असा गाडीचाच समज झालेला असतो. तो का होतो हे एकदा कळले, की कोणता उपाय घ्यायचा हे तुम्हालाच ठरवता येईल.

आधी वेग मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवे. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा. १५ ते ३० हा आकडा योग्य. त्याच्या वर गेला तर पुढचे वाचा.

गाडी काय समजते

इंडिकेटर चालू-बंद करणाऱ्या डबीला फ्लॅशर किंवा फ्लॅशर रिले म्हणतात. एका बाजूचे पुढचा आणि मागचा असे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून साडेतीन अँपिअर करंट घेतात. १० वॅटचे असतील तर सुमारे १.७ अँपिअर. त्यातला एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवतो. मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ही सोय केलेली असते. आता दोन-दोन वॅटचे एलईडी लावले, तर दोघांचा मिळून करंट होतो जेमतेम ०.३३ अँपिअर, म्हणजे एका बल्बपेक्षाही कितीतरी कमी. फ्लॅशरच्या हिशेबाने बल्ब उडालेला आहे!

खूप जुन्या गाड्यांत फ्लॅशर तापणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतो. तिथे उलटे घडते: करंट कमी पडल्याने पट्टी तापतच नाही आणि दिवा नुसता लागून राहतो किंवा रेंगाळत लुकलुकतो. उपाय मात्र पुढे दिलेलेच.

पैसे घालण्याआधी

एकच बाजू भराभर चालत असेल तर आमच्याकडून काहीही विकत घेऊ नका. त्या बाजूला खरोखर काहीतरी तुटले आहे. गंजलेले अर्थिंग, सैल कनेक्टर, हँडल वळवून वळवून आतून तुटलेली वायर, ही नेहमीची ठिकाणे. एलईडीला उलट-सुलट असते. प्लस-मायनस चुकले तर तो लागतच नाही. दोन्ही बाजू सारख्याच वेगाने पळत असतील तरच कारण कमी करंटचे धरा.

रिले बदलणे

आम्ही सुचवतो तो हा उपाय. एलईडीसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर करंट मोजत बसत नाही, त्याची लय ठरलेली असते. दोन पिनांच्या जुन्या रिलेच्या जागी तीन पिनांचा बसवायचा असेल तर तिसरी वायर चॅसिसला अर्थ करावी लागते. पिनांवर बी, एल, ई अशी अक्षरे असतात: बी बॅटरीकडून, एल दिव्यांकडे, ई अर्थ. हा क्रम सगळ्या रिलेंत एकसारखा नसतो, म्हणून जुन्याच्या जागी डोळे मिटून नवा खुपसू नका, अक्षरे जुळवा. येताना जुना रिले सोबत आणलात तर आमचे अर्धे काम तिथेच होते.

रेझिस्टर लावणे

हा रेझिस्टर एलईडीला समांतर, म्हणजे त्याच्या दोन वायरींमध्ये जोडतात. तो जुन्या बल्बइतका करंट ओढतो आणि फ्लॅशरचे समाधान होते. २१ वॅटच्या बल्बऐवजी साधारण ६.८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर वापरतात. इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर त्यातून दोन अँपिअर जातात आणि लागलेल्या प्रत्येक क्षणी २८ वॅटच्या आसपास उष्णता निघते. हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून गाडी उभी ठेवली तर तो हात भाजेल इतका तापतो. म्हणून तो धातूवर स्क्रूने आवळावा. प्लास्टिकच्या पॅनेलला चिकटवू नये, टेपने वायरिंगला बांधू तर मुळीच नये. एलईडीने वाचवलेली वीज अशी उष्णतेत घालवणे आम्हाला पटत नाही. पण काही नव्या गाड्यांत वेगळा रिले नसतोच, ते काम मुख्य कंट्रोल युनिट करते. तिथे बहुधा हाच मार्ग उरतो.

चारही दिवे एकदम लुकलुकले तर

रिले बदलला, लय बरोबर आली, पण डावे बटण दाबल्यावर उजवे दिवेही लुकलुकतात. असे झाले की लोक रिलेला दोष देतात. कारण मीटरमध्ये असते. दोन्ही बाजूंसाठी एकच खुणेचा दिवा असलेल्या गाड्यांत त्याचे एक टोक डावीकडे, दुसरे उजवीकडे जोडलेले असते. डावी बाजू चालू झाली की थोडा करंट त्या दिव्यातून पलीकडे जाऊन उजव्या बल्बमधून अर्थला पोचतो. एवढ्याशा करंटने जुना बल्ब पेटत नसे, एलईडी पेटतो. यावर उपाय १एन४००७ जातीचे दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग. डाव्या आणि उजव्या वायरीवर एकेक लावायचा, पट्टा असलेली दोन्ही टोके एकत्र करून खुणेच्या दिव्याच्या एका टोकाला द्यायची आणि त्या दिव्याचे दुसरे टोक अर्थ करायचे. वस्तू अगदी लहान, पण मीटर उघडण्याचे काम नाजूक आहे. सवय नसेल तर ते आमच्यावर सोडा.

नवा रिले बसवल्यावर

बल्ब उडाल्याची ती धोक्याची सूचना आता मिळणार नाही. मागचा दिवा बंद पडला तरी पुढचा शांतपणे त्याच लयीत चालू राहील, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमचे वळणे कळणारच नाही. आठवड्यातून एकदा गाडी उभी करून दोन्ही बाजू लावा आणि मागे जाऊन डोळ्यांनी पाहा. भिंतीजवळ उभी केलीत तर सीटवर बसूनही मागचा उजेड भिंतीवर दिसतो.