तेलाची पातळी वाढते तेव्हा : सीआर-व्हीचं १.५ टर्बो इंजिन

इंजिन ऑइल कमी होतं, हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असतं. म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढली की नजर आधी खालच्या खुणेकडे जाते. होंडा सीआर-व्हीच्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात मात्र वरची खूणही तितक्याच काळजीने पाहावी लागते. ऑइल बरोबर मापाने भरलेलं होतं, नंतर कोणी थेंबही ओतला नाही आणि तरीही पातळी वर चढली, तर खाली ऑइल पॅनमध्ये बहुतेक वेळा पेट्रोल उतरलेलं असतं. अमेरिका-कॅनडात राहणारे आणि थंडीत ही गाडी चालवणारे जे मराठी वाचक आहेत, त्यांच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

आधी इंजिन कसं आहे ते पाहू. उत्तर अमेरिकेत २०१७च्या मॉडेलपासून सीआर-व्हीत आलेलं हे इंजिन चार सिलिंडरचं, १४९८ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ७३ मिमी, पिस्टनचा प्रवास ८९.५ मिमी, म्हणजे अंगाने बारीक आणि उंच. कॉम्प्रेशन रेशो १०.३ ला १. ताकद ५६०० आरपीएमला १९० हॉर्सपॉवर, आणि टॉर्क २४३ न्यूटन मीटर, तोही २००० ते ५००० आरपीएमपर्यंत सलग. एका लिटरमागे सुमारे १२७ हॉर्सपॉवर काढणारं इंजिन कुटुंबाच्या गाडीत बसवायचं आणि त्याला साधं पेट्रोल पाजायचं, ही अभियांत्रिकी खरोखर दाद देण्यासारखी आहे. पण ती जमली ती टर्बो आणि थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमुळे, आणि दुखण्याचं मूळही तिथेच आहे.

जुन्या पद्धतीत पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं. इंजिन तापलं की तो व्हॉल्व्हही तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि हवेत मिसळूनच ते आत शिरतं. थेट फवारणीत ही सवड मिळत नाही. २००० आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला जेमतेम १५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पेट्रोलचे कण फुटून, वाफ होऊन, हवेत मिसळायला हवेत. इंजिन गरम असेल तर ते जमतं. उणे १५ अंशांत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत जमत नाही. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच उडतात, पण जड घटकांना उकळायला दीडशे-दोनशे अंश लागतात. थंड इंजिन पेटतं राहावं म्हणून कंप्युटर नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. त्यातले जड घटक ७३ मिमी रुंदीच्या सिलिंडरमध्ये फवाऱ्यासमोरच उभ्या असलेल्या थंड भिंतीवर ओल धरतात. पिस्टनच्या रिंगा ही ओल खरवडून खाली नेतात आणि ती ऑइलमध्ये मिसळते. शिवाय थंड पिस्टन आकसलेला असतो, त्यामुळे फटही थोडी मोठी असते.

गाडी पुढे अर्धा-पाऊण तास हायवेवर पळाली, तर हे सगळं आपोआप निस्तरतं. ऑइल ८०-९० अंशांपर्यंत तापलं की मिसळलेलं बरंचसं पेट्रोल वाफ होऊन क्रँककेसच्या श्वासनळीतून, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, परत इनटेकमध्ये जातं आणि जळून संपतं. त्रास होतो तो शाळा, दुकान, ट्रेन स्टेशन अशा पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं होत नाही, ऑइल बरंच मागे असतं. रिमोट स्टार्टने गाडी दारात दहा मिनिटं नुसती चालू ठेवण्याची सवय तर या इंजिनाला फारच वाईट. लहान इंजिन आयडलला फारशी उष्णता निर्माण करत नाही, आणि तेवढा सगळा वेळ पेट्रोल मात्र जास्तीचं जात असतं. याच गाडीच्या हिटरबद्दल ‘थंडीत लवकर तापत नाही’ अशी तक्रार होती, तिचं कारणही हेच.

आता नुकसान किती? या इंजिनात फिल्टरसह ऑइल बसतं साधारण ३.५ लिटर. त्यातलं पाच टक्के पेट्रोल म्हणजे १७५ मिली. तेवढ्याने ०डब्ल्यू-२० हे आधीच पातळ असलेलं ऑइल आपल्या ग्रेडच्या खाली घसरू शकतं. २० ग्रेडसाठी १०० अंशांना किमान ६.९ सेंटिस्टोक दाटपणा लागतो. तो गेला की बेअरिंगमधला ऑइलचा पडदा पातळ होतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो याच पडद्याच्या आधारावर. झीज थांबवणारी रसायनंही तेवढ्या प्रमाणात विरळ होतात. दुसरा धोका जास्त छुपा आहे. इंजिन काही ऑइल जाळत असेल आणि तेवढीच भर पेट्रोलने पडत असेल, तर डिपस्टिक ‘बरोबर’ दाखवत राहते. मग एका लांबच्या प्रवासात पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकदम खाली येते. डिसेंबरभर गावात फिरलेली गाडी सुट्टीत हजार किलोमीटर न्यायची असेल, तर निघण्याआधी आणि पहिल्या मुक्कामावर, अशी दोनदा डिपस्टिक पाहा.

२०१८च्या सुरुवातीला चीनमध्ये या तक्रारी इतक्या वाढल्या की तिथे नव्या सीआर-व्हीची विक्री थांबवावी लागली. त्यानंतर होंडाने इंजिन लवकर तापावं म्हणून सॉफ्टवेअर बदललं. अमेरिकेत २०१७-१८च्या सीआर-व्ही आणि २०१६-१८च्या १.५ टर्बो सिव्हिकची पॉवरट्रेन वॉरंटी पाचऐवजी सहा वर्षांची केली. ती मुदत आता उलटली आहे. त्या वर्षांची गाडी जुनी घेत असाल, तर हा अपडेट झाला आहे का, ते डीलरकडे चासी नंबर देऊन जरूर विचारा. अपडेटने प्रमाण कमी होतं, पण आखूड फेऱ्या आणि कडाक्याची थंडी यांवर सॉफ्टवेअरचा पूर्ण इलाज नाही.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम करून बंद करा, तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजू पाहा. ऑइल बदलल्याच्या दिवशी पातळी कुठे होती, याचा फोटो मोबाइलवर ठेवा. पुढची तुलना त्याच्याशी करायची. नुसत्या वासावर जाऊ नका. वापरलेल्या ऑइलला थोडा पेट्रोलचा वास येतोच. पातळी वरच्या खुणेच्या वर सरकली असेल तर ऑइल लगेच बदला. शंका असेल तर शंभर मिली नमुना ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या, आणि पेट्रोलचं प्रमाण गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात का ते विचारा. फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ऑइलची वाफ कोणत्या तापमानाला पेट घेते त्यावरून, काढलेला आकडा अंदाजाचा असतो.

झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, आणि थंडीत त्याच्या वाफेतलं थोडं पाणी झाकणाखाली दवासारखं साचून ऑइलशी घुसळलं जातं. लांब फेरीनंतर ती साय नाहीशी झाली, तर तो बाष्पाचा परिणाम. राहिली आणि कूलंटही घटत असेल, तर प्रकरण निराळं आहे.

ऑइल कधी बदलायचं? डॅशबोर्डवर दिसणारी ‘ऑइल लाइफ’ची टक्केवारी इंजिनाच्या वापरावरून मांडलेला हिशेब असते, ऑइलमधलं पेट्रोल ती मोजत नाही. आखूड फेऱ्या आणि थंडी असेल तर ती पंधरा टक्क्यांवर येईपर्यंत थांबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सहा महिने किंवा ८,००० किमी, जे आधी होईल ते, आणि त्यातला एक बदल हिवाळा सरताना. डबा घेताना ०डब्ल्यू-२० इतकंच पाहू नका, त्यावर ‘एपीआय एसपी’ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा) किंवा त्यानंतरचा दर्जा हवा. मे २०२०पासून आलेल्या या दर्जात कॅल्शियमचं प्रमाण कमी ठेवलेलं असतं. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोर लावला की ऑइलमिश्रित पेट्रोलचे थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतात, आणि तो दणका पिस्टन फोडू शकतो. कॅल्शियमने त्याला हातभार लागतो, असं प्रयोगांत दिसलं. ड्रेन बोल्ट ४० न्यूटन मीटरला आवळायचा, त्याचा वॉशर दर वेळी नवा. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवून तो १२ न्यूटन मीटरला. जास्तीचं ऑइल भरू नका, नाहीतर पुढचं सगळं वाचन चुकेल.

दुसरी मोठी तक्रार हेड गॅस्केटची. एवढ्याशा सिलिंडरात टर्बोचा दाब, त्यामुळे हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडरांचं धड) यांच्यामधल्या गॅस्केटवर सतत ताण असतो. लक्षणं अशी : खाली थेंब न पडता कूलंट घटतो, सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद थडथडतं, पी०३०० ते पी०३०४ हे मिसफायरचे कोड येतात, एक्झॉस्टमधून गोडसर वासाची पांढरी वाफ निघते. कॉइल आणि प्लग बदलत बसण्याआधी कूलंटवर रासायनिक चाचणी करून घ्या. जळलेला वायू शिरला असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. नंतर लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरात दाबाची हवा भरून गळती मोजली की, सिलिंडर कुठला ते कळतं. दुरुस्तीत हेडचा सपाटपणा सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासलाच पाहिजे, आणि हेडचे बोल्ट नवेच घाला. हेड न तपासता नुसतं गॅस्केट बदललं, तर ते काम पुन्हा करावं लागण्याची शक्यता मोठी.

चालती गाडी बंद पडणं किंवा सुरूच न होणं, यामागे टाकीतला इंधन पंपही असू शकतो. त्यातली प्लॅस्टिकची चक्री पेट्रोल शोषून फुगते आणि घासते. या दोषासाठी होंडाने डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत सीआर-व्हीही होत्या. हे काम मोफत होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. भारतात ऑक्टोबर २०१८मध्ये आलेल्या सीआर-व्हीत हे इंजिन नव्हतंच, तिथे टर्बो नसलेलं २.० पेट्रोल आणि १.६ डिझेल होतं. होंडाच्याच एलिव्हेटमधलं १.५ही १४९८ सीसीचंच आहे, पण त्याला टर्बो नाही, पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, ताकद १२१ पीएस. वरची काळजी त्याला लागू नाही. चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाकची टर्बो इंजिनं मात्र थेट फवारणीची आहेत. पुण्यातली थंडी ऑइलला पुरेसं तापू देते. तरी गाडी रोज दोन किलोमीटरवरच्या शाळेपलीकडे जात नसेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास एक्स्प्रेस वेवर काढा, आणि महिन्यातून एकदा डिपस्टिकच्या वरच्या खुणेकडेही पाहा.