निळ्या आकाशातलं होकायंत्र

सूर्य मावळतीला टेकला की पोलराइज्ड गॉगल लावून गच्चीवर उताणं पडा. पाय सूर्याकडे करा. डोक्यावरचं आकाश चांगलंच गडद दिसेल. आता पडल्या पडल्याच काटकोनात वळा, पाय दक्षिणेकडे. (दक्षिणेकडे पाय करू नयेत म्हणतात, चालत नसेल तर उत्तरेकडे करा, प्रयोग तोच.) तेच आकाश फिकट होतं. वर काहीच बदललेलं नाही, वळलात ते तुम्ही.

सूर्याचा प्रकाश हवेच्या रेणूंवर आदळून विखुरतो आणि विखुरताना त्याची कंपनं बरीचशी एकाच दिशेत येतात. हा ध्रुवित म्हणजे पोलराइज्ड प्रकाश. गॉगल एकाच दिशेतली कंपनं अडवतो, म्हणून तुम्ही वळलात की आकाश गडद-फिकट होतं. डोक्यावरच्या आकाशात ही कंपनांची रेघ सूर्याच्या दिशेशी काटकोन करते आणि सूर्यापासून ९० अंशांवर ध्रुवण सगळ्यांत ठळक असतं. म्हणजे सूर्य इमारतीमागे, डोंगराआड किंवा नुकताच क्षितिजाखाली गेला असला, तरी निळ्या आकाशाचा एक तुकडा त्याचा पत्ता सांगतो. आपल्या उघड्या डोळ्यांना ते जवळपास दिसतच नाही, कीटकांना दिसतं. मधमाश्या याचा उपयोग करतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवलं.

पण या विद्येतली खरी उस्ताद ट्युनिशियाच्या वाळवंटातली कॅटाग्लिफिस मुंगी. भक्ष्य शोधत वेडीवाकडी भटकते, मेलेला किडा सापडला की तोंडात धरून जवळजवळ सरळ रेषेत बिळाकडे निघते. रुडिगर वेनर यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं तिच्यामागे घालवली. तिच्या डोळ्याच्या वरच्या कडेला ध्रुवित प्रकाश टिपणारी खास पट्टी असते. तिथून दिशा कळते. अंतर ती पावलांवरून धरते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भक्ष्यापाशी पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांच्या कुबड्या चिकटवल्या होत्या. टांगा लांबल्या, हिशोब चुकला आणि त्या बीळ ओलांडून पुढे गेल्या!

हीच युक्ती वापरून फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सहा पायांचा, २.३ किलोचा ‘अँटबॉट’ चालवून दाखवला. जीपीएस नाही. आकाशातले अतिनील किरण वाचणारं त्याचं होकायंत्र ०.४ अंशापर्यंत अचूक दिशा देत होतं. सगळं मिळून १४ मीटर चालून परत आलेला अँटबॉट मूळ जागेपासून जेमतेम सेंटिमीटरभर चुकला, अशीही नोंद आहे.

इथे हुरळून जायला होतं, म्हणून थोडं गणित. ०.४ अंशाची चूक एकाच बाजूला होत राहिली, तर किलोमीटरमागे ७ मीटर बाजूला जाल. शंभर किलोमीटरला ७०० मीटर. कारण आकाश दिशा सांगतं, तुम्ही कुठे आहात ते सांगत नाही. जीपीएस काही मीटरांत जागाच दाखवतं, मग प्रवास कितीही लांबचा असो. दोघांची थेट तुलना करणाऱ्या बातम्या वाचताना हे जरूर लक्षात ठेवावं.

शिवाय कंपनांच्या त्या रेघेला दोन टोकं असतात. सूर्य कुठल्या बाजूला, हे उजेडावरून ठरवावं लागतं. उत्तर शोधायची तर सूर्य त्या क्षणी नेमका कुठे असणार हेही माहीत हवं, म्हणजे घड्याळ आलं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे शून्य सावलीचा दिवस. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा ध्रुवणाचा नमुना चारही दिशांना सारखाच असतो. कुठेही वळा, आकाश तेच, म्हणजे त्या काही मिनिटांत हे होकायंत्र मुकं! युरोपात सूर्य माथ्यावर येतच नाही, त्यामुळे तिथल्या प्रयोगांना हा प्रश्न पडत नाही. आपल्या पावसाळ्यातले दाट ढग हा आणखी वेगळा वैताग.

मग याचा उपयोग काय? वेगातले बदल आणि (जायरोस्कोपने) वळणं मोजून जागा काढणाऱ्या उपकरणांची चूक वेळेबरोबर वाढत जाते. आकाशाच्या होकायंत्राची तशी साचत नाही. दर वेळी ते नव्याने वर बघतं. उपग्रहांचे संकेत मुद्दाम जॅम केलेल्या भागात ड्रोनला अशी जोडी कामाची. १९५० च्या दशकात ध्रुवप्रदेशावरून उडणाऱ्या विमानांतही असं ‘स्काय कंपास’ होतं, कारण तिथे चुंबकीय सुई भरवशाची नसते आणि संधिप्रकाश लांबत राहतो.

मुंगीचाही नेम दर वेळी बसत नाहीच. हिशोबाप्रमाणे बीळ जिथे असायला हवं तिथे ती पोचते, ते सापडलं नाही की आजूबाजूला घिरट्या घालू लागते. पुनःपुन्हा त्याच ठिकाणी परत येते आणि दर वेळी घेरा थोडा मोठा करते, तोंडातला किडा न सोडता.