मीटरचा काटा आणि बेटाखालची साय

पहाटे साडेचार ही आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत पाणी यायची वेळ. शेजारच्या काकांनी टाकीत जाणारा व्हॉल्व्ह घट्ट आवळला आणि मीटरवर टॉर्च मारला. काटा फिरतच होता, मिनिटाला चार लिटर! टाकीत तर थेंब पडत नव्हता.

काकांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली. पाइपाच्या रेषेवर ते लोखंडी गज टेकवत, वरचं टोक कानाला लावत सरकत गेले आणि पारिजातकाखाली थांबले. "ये, ऐक." बारीक, न थांबणारं 'सूंऽऽ'. दाबाखालचं पाणी छिद्रातून सुटताना पाइपाला थरथरवतं आणि ती थरथर गजातून थेट कानात येते. पाच तासांचा पुरवठा धरला तर गेले 1200 लिटर. माणशी 135 लिटरच्या सरकारी हिशेबाने हे नऊ जणांचं पाणी.

तसे आपण ठाणेकरही बेटावरचेच. जुनं ठाणं साष्टी बेटावर वसलंय. पण उल्हास आणि भातसेचं पाणी जाड पाइपांतून घरात येतं, म्हणून ते आठवत नाही. ज्या बेटांना अशी उसनी नदी नाही, तिथे गळतीचा अर्थच बदलतो.

पोवळ्यांच्या सपाट बेटांवर पाऊस वाळूत मुरतो आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा तरंगतो. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण 25 ग्रॅमने जड, म्हणून हे जमतं. त्यावरून निघणारा हिशेब घायबेन-हर्झबर्ग या नावाने ओळखला जातो: गोडं पाणी समुद्रपातळीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली ते सुमारे 40 मीटर असतं. उलटा वाचला की हाच हिशेब धडकी भरवतो. उपसून वरची पातळी 10 सेंटिमीटर उतरली, की खालून खारं पाणी चार मीटर वर सरकू पाहतं. (हे झालं कागदावर. प्रत्यक्षात मधे मचूळ पाण्याचा जाड पट्टा असतो, म्हणजे हाताशी गोडं पाणी आणखी कमी.)

आता पाइप गळका असेल तर लोकांची गरज भागवायला पंप जास्त वेळ चालवावा लागतो आणि साय फाटते. खाऱ्या हवेत नि मातीत लोखंड लवकर गंजतं. त्यात भरतीच्या रेषेखालचा पाइप पुरवठा थांबल्यावर रिकामा झाला, तर त्याच छिद्रातून बाहेरचं खारं, घाण पाणी आत शिरतं. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी देशाच्या तारावा बेटावर, बोनरिकीला, खोल बोअर मारण्याऐवजी आडवे सच्छिद्र पाइप टाकून वरवरचं पाणी काढतात, ते या सायीला जपूनच. लक्षद्वीपच्या कवरत्तीत 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारं केंद्र आहे, दिवसाला एक लाख लिटरचं. इतक्या खटपटीने केलेलं पाणी पाइपातच मुरलं तर काय म्हणावं!

अशा ठिकाणी स्वयंसेवक तज्ज्ञ कामी येतात. अमेरिकेत 2002 साली बर्नार्ड अमादेई यांनी 'एंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स'ची शाखा सुरू केली. तिचे अभियंते गावोगावच्या पाणीयोजनांना सुट्टीतला वेळ देतात. भारी यंत्र भेट देऊन निघून जाणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. सुटा भाग पुढच्या बोटीने येईपर्यंत यंत्र बंद, आणि वीज असेलच असंही नाही. आपल्या समोरच्या घारापुरीलाही समुद्राखालून वीज पोचायला 2018 उजाडलं. त्यापेक्षा कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय याचा नकाशा काढावा आणि मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना, टाकीतून किती पाणी जातंय ते मोजावं. तो आकडा जवळपास सगळा गळतीचाच असतो.

नकाशासाठी मात्र पाहुण्याला गावचा चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा, गाठावा लागतो. आमच्या सोसायटीचा जुना नकाशाही हरवलेलाच होता. पाइप पारिजातकाखालून जातो, हे काकांना सांगितलं ते तीस वर्षं इथे असलेल्या वॉचमनने. दुपारी खणलं. छिद्र काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं होतं.