फॉलआउटमध्ये १५० दिवसांत गेम संपतो का?

१९९७ चा पहिला फॉलआउट हा कॉम्प्युटर गेम कोणी खेळायला घेतला की कोणीतरी हमखास सांगतं, "अरे त्यात १५० दिवसांची लिमिट आहे, निवांत फिरताच येत नाही, गेम आपोआप संपतो."

अर्धंच खरंय हे. १५० दिवस आहेत ते फक्त वॉटर चिपसाठी (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा भाग), म्हणजे व्हॉल्ट १३ या आपल्या भूमिगत निवाऱ्यातलं पाणी संपायच्या आत ती आणून द्यायची. दिली की हे घड्याळ बंद, आणि खरी गोष्ट तर तिथून पुढेच रंगते. शिवाय हब शहरात पाणी विकणारे व्यापारी आहेत, त्यांना पैसे देऊन व्हॉल्टला पाणी पाठवलं की वर आणखी १०० दिवस मिळतात.

मग ही भीती आली कुठून? सुरुवातीच्या आवृत्तीत चिपनंतरही ५०० दिवसांची दुसरी मुदत होती, व्हॉल्टवर म्युटंटांचा, म्हणजे गेममधल्या राक्षसी शत्रूंचा, हल्ला. नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्ती अपडेटमध्ये, ती काढली, आता गेममधली तब्बल १३ वर्षं मिळतात. पण जुनी ऐकीव माहिती तशीच फिरत राहिली.

स्वतः बघायचं असेल तर सोपंय. गेम ५ डिसेंबर २१६१ ला सुरू होतो, स्क्रीनवरची तारीख लक्षात ठेवा, गावात तासभर गप्पा मारा, सामान विका, परत बघा, तारीख जवळपास तिथंच. आता नकाशावर लांबच्या गावाला चालत जा, दिवस भराभर पळतात. म्हणजे वेळ खातो तो प्रवास आणि पिपबॉयवरून (पात्राच्या मनगटावरचा कॉम्प्युटर) घेतलेली लांबलचक विश्रांती, बोलणं नाही. तरी ज्याला डोक्यावर घड्याळ नकोच त्याला सुरुवात जाचक वाटणार, ते मत मला पटतं.