वीस हजार की पाच लाख? व्हिएतनामच्या दोन निळ्या नोटा

निन्ह बिन्हहून रात्रीची स्लीपर बस धरली की पहाटे ह्यूला उतरता येतं आणि एका रात्रीचं हॉस्टेलचं भाडं वाचतं. मी आणि माझी मैत्रीण तशाच उतरलो, तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. टॅक्सीचे ४० हजार डोंग झाले. मी पाकिटातून २० हजारांच्या दोन निळ्या नोटा काढून दिल्या. हॉस्टेलच्या पायरीवर बसून हिशेब करताना कळलं, की त्यातली एक ५ लाखांची होती. एका रुपयाला साधारण ३०० डोंग धरले, तर सुमारे १,६०० रुपये गेले. दोघींच्या एका रात्रीच्या कॉटचे आणि जेवणाचे पैसे त्यात सहज निघाले असते. चालकालाही त्या अंधारात दिसलं नसेल असं मला वाटतं, कारण या दोन नोटा खरोखरच फसव्या आहेत.

दोन्ही प्लॅस्टिकच्या म्हणजे पॉलिमरच्या, दोन्ही निळ्या, दोन्हींवर व्हिएतनामचे राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांचा तोच चेहरा. ५ लाखांची नोट २००३ मध्ये आली, २० हजारांची २००६ मध्ये. उन्हात धरल्या तर फरक कळतो: २० हजारांची नोट सरळ निळी आहे, ५ लाखांच्या निळ्याला जांभळट झाक आहे. पण बजेटवर फिरणारा माणूस पैसे देतो ते बहुतेक रात्रीच्या बाजारात, पिवळ्या बल्बखाली किंवा पहाटेच्या बस थांब्यावर. तिथे ही झाक दिसतच नाही. म्हणून रंगावर अजिबात विसंबू नका.

लांबीही फार कामाची नाही. छोटी १३६ मिलिमीटर, मोठी १५२. दोन्ही शेजारी ठेवल्या तर १६ मिलिमीटर डोळ्यांत भरतात, पण पाकिटात घडी घातलेली एकच नोट हातात आली तर ती लांब की आखूड हे कशावरून ठरवणार? शून्यं मोजायची म्हटलं, तर मागे रांग उभी असताना चार आणि पाच शून्यांत डोळा चुकतोच.

खरी खूण पाठीमागे आहे. २० हजारांच्या नोटेमागे होई आन शहरातला जुना, छप्पर असलेला पूल आहे, जपानी व्यापाऱ्यांनी बांधलेला. ५ लाखांच्या नोटेमागे न्गे आन प्रांतातल्या किम लिएनचं घर आहे, जिथे हो ची मिन्ह यांचं लहानपण गेलं. झाडीत बसलेलं गवती छपराचं घर. पूल म्हणजे चहा-कॉफीचे पैसे, घर म्हणजे दिवसाचा खर्च. एवढं डोक्यात बसलं की नोट देण्याआधी ती आपोआप उलटी केली जाते.

बोलण्यातला घोळ आणखी वेगळा. तिथे लाख नाही, सगळं हजारांत चालतं. आपले ५ लाख म्हणजे त्यांचे ५०० हजार, ‘नम चम ङिन’. वीस हजार म्हणजे ‘हाय मुअई ङिन’. (आपण ङ फक्त ‘वाङ्मय’सारख्या शब्दांत, तोही मधे अडकलेला पाहतो, तिथे त्यानेच शब्द सुरू होतो.) दक्षिणेत ‘ङिन’चं ‘ङान’ होतं, आणि घाईत विक्रेते हजार म्हणतच नाहीत. ‘वीस’ म्हटलं तर वीस हजारच समजायचं. पाटीवरही तीन शून्यं बरेचदा गाळलेली असतात. रुपये काढायला मी ही तीन शून्यं झाकते, उरलेल्या आकड्याला तीनाने भागते आणि दहाने गुणते: २० चे ६६ रुपये, ५०० चे १,६६६.

असाच दुसरा जोड १० हजार आणि २ लाखांचा. दोन्ही तपकिरीकडे झुकणाऱ्या. पण १० हजारांची नोट रुंदीलाही कमी आहे आणि २ लाखांच्या मागे ‘हा लाँग’ नावाच्या उपसागराचं चित्र आहे, त्यामुळे तिथे गफलत कमी होते.

एटीएममधून बरेचदा ५ लाखांच्याच नोटा येतात, आणि रस्त्यावरच्या गाडीवर २५ हजारांच्या बान्ह मीसाठी (सारण भरलेल्या पावासाठी) ती नोट देणं त्या माणसावरही अन्याय आहे, त्याचे सुटे संपतात. ती हॉस्टेलचं किंवा बसचं भाडं देताना, नाहीतर मोठ्या दुकानात मोडावी. नव्या नोटा एकमेकींना चिकटतात, तेव्हा अंगठ्याने घासून बघाव्यात. मोठी नोट देताना रक्कम मोठ्याने म्हणावी आणि सुटे हातात येईपर्यंत तिच्यावरची नजर काढू नये, कारण घेतलेली ५ लाखांची नोट लपवून ‘तुम्ही वीसच दिले’ म्हणण्याची युक्तीही तिथे चालते. आणि सोबत मैत्रीण असेल तर आम्ही केलं तसं करा: ५ लाखांच्या नोटा सगळ्या तिच्या पोटपिशवीत, सुट्या माझ्या पाकिटात. मग हात कितीही घाईत असला, तरी माझ्या पाकिटातली निळी नोट पुलाचीच.

ही वाटणी आम्ही होई आनला ठरवली. त्या संध्याकाळी पैसे नुकतेच काढले होते आणि बान्ह मीच्या गाडीवर मी पुन्हा तीच नोट पुढे केली. गाडीवरच्या मावशींनी ती घेतलीच नाही. नोट उलटी करून त्यांनी बोटाने घर दाखवलं, मान हलवली आणि माझ्या उघड्या पाकिटातून पुलाची नोट आणि पाच हजार स्वतःच उचलून घेतले.